‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ला मराठीत काय म्हणायचं? थोडी पार्श्वभूमी

ठाण्या-नवी मुंबईत सोसायटीचं इतिवृत्त, निविदेची सूचना किंवा शाळेचं परिपत्रक मराठीत आणताना एक इंग्रजी विशेषण हमखास अडवतं: कॉम्प्रिहेन्सिव्ह. कम्प्लीटला ‘पूर्ण’, एन्टायरला ‘सगळा’, टोटलला ‘एकूण’, एक्स्टेन्सिव्हला ‘विस्तृत’ बसतं आणि काम पुढे सरकतं. कॉम्प्रिहेन्सिव्हपुढे मात्र चार शब्द उभे राहतात: संपूर्ण, सर्वंकष, समग्र, सर्वसमावेशक. चारही रोज छापले जातात आणि चौघांचा अर्थ वेगळा आहे.

मुळं पाहिली की फरक लख्ख दिसतो. लॅटिनमधून आलेल्या कम्प्लीटच्या मुळाशी भांडं काठोकाठ भरणं आहे, एक्झॉस्टिव्हच्या, म्हणजे काहीही न सोडणाऱ्याच्या, मुळाशी पाणी उपसून काढणं, तर कॉम्प्रिहेन्सिव्हच्या मुळाशी एकत्र धरणं, कवेत घेणं. थरो, म्हणजे कसून केलेलं, हा थ्रूचाच सख्खा भाऊ, म्हणजे आरपार. त्यामुळे कॉम्प्रिहेन्सिव्ह हा शब्द कवेत काय काय आलं एवढंच सांगतो. प्रत्येक गोष्ट तळापर्यंत तपासली, असं तो म्हणत नाही. मुंबई महानगर प्रदेशाचा २००८ साली पूर्ण झालेला वाहतूक अभ्यास कॉम्प्रिहेन्सिव्ह होता, कारण त्यात रेल्वे, बस, मेट्रो, रस्ते असे सगळे प्रकार एकत्र धरले होते. वाशीच्या एखाद्या सेक्टरमधला आतला रस्ता त्यात नसला, तरी त्या विशेषणाला धक्का लागत नाही.

मराठीतला खरा गुंता ‘सर्वंकष’चा आहे. ‘कष्’ म्हणजे घासणं, खरवडणं. पाणिनीच्या एकाच सूत्रातून येणाऱ्या चार शब्दांपैकी तीन असे: काठ घासत जाणारी नदी कूलंकष, ढगांना घासणारा डोंगर अभ्रंकष आणि सगळंच घासणारा तो सर्वंकष. म्हणजे हा शब्द जन्मानंच एक्झॉस्टिव्हच्या जवळचा. तरीही शिक्षण हक्क कायद्यातलं कॉम्प्रिहेन्सिव्ह मराठीत आणताना तोच उचलला गेला. कायदा २००९ चा. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आलं. त्याच इंग्रजी शब्दाला हिंदीनं ‘व्यापक’ म्हटलं, ‘सतत एवं व्यापक मूल्यांकन’. व्यापक म्हणजे पसरलेलं. मूल फक्त लेखी परीक्षेत पाहू नका, त्याचं बोलणं, खेळ, चित्रं, वागणं हेही धरा, हा मूळ हेतू ‘व्यापक’मध्ये नेमका उतरतो. ‘सर्वंकष’मध्ये काहीही सुटता कामा नये, असा धाक आहे.

आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाची, साधनं आठ. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि ‘इतर’ यांची नावं शिक्षकांना पाठ आहेत. त्यांवर प्रत्येक मुलाच्या विषयवार वर्णनात्मक नोंदी. रजिस्टरं फुगली ती केवळ एका शब्दामुळे, असं म्हणता येणार नाही. पण शीर्षकातच ‘सर्वंकष’ असताना थोडक्यात नोंद ठेवणाऱ्या शिक्षकाला आपलं काम अपुरं वाटावं, यात नवल नाही. तेव्हाच ‘व्यापक’ घ्यायला हवा होता. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतरच्या प्रगतीपत्रकाला ‘समग्र’ म्हणतात. पण तो होलिस्टिकचा प्रतिशब्द आहे, त्यामुळे जुना प्रश्न तसाच राहिला.

‘सर्वसमावेशक’ची अडचण निराळी. अर्थानं तो चांगला बसतो आणि मोटार विम्यात तो रुळलाही आहे. पण अकराव्या पंचवार्षिक योजनेनं (२००७–१२) इन्क्लुझिव्ह ग्रोथ लावून धरली, तिचं मराठीत ‘सर्वसमावेशक विकास’ झालं आणि शब्द तिकडे गेला. आता ‘सर्वसमावेशक आराखडा’ वाचून निम्म्या वाचकांना सगळ्या विषयांचा आराखडा वाटतो, उरलेल्यांना सगळ्या समाजघटकांना सामावून घेणारा.

चुकीच्या शब्दाचे पैसे मोजावे लागतात ते लिफ्टच्या देखभाल करारात. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत ही कागदपत्रं साधारण सारखीच असतात. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात ठरलेली सर्व्हिस, ऑइल-ग्रीस आणि मजुरी येते, सुट्या भागांचं बिल वेगळं. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये सुटे भागही येतात, पण शेवटच्या पानावर वगळलेल्या गोष्टींची यादी असते: केबिनचं इंटिरियर, लाद्या, व्होल्टेजच्या चढउतारानं जळालेलं कार्ड, पिटमध्ये, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, पाणी शिरून झालेलं नुकसान. काही करारांत वायर रोप आणि मोटरही वगळलेली असते. सभेच्या ठरावात मात्र याचं ‘संपूर्ण देखभाल करार’ होतं. जुलैत पिट भरतं, तळाचे लिमिट स्विच आणि केबल भिजतात, बिल येतं. सभासद ठराव पुढे करतात, कंत्राटदार करार. चालतो तो करार, कारण ठरावातल्या ‘संपूर्ण’वर कंत्राटदाराची सही नसते. ठरावात ‘सुट्या भागांसह देखभाल करार’ लिहावं, वगळलेल्या भागांची यादी शब्दशः खाली उतरवावी आणि पिटमधलं पाणी उपसायचा पंप कोण बसवणार, कोण चालवणार, हे वेगळ्या ओळीत टाकावं.

एक्झॉस्टिव्हला मराठीत शब्दांची वानवा नाही. वर्णन असेल तर सांगोपांग, हकिगत असेल तर साद्यंत, माहिती असेल तर इत्थंभूत. फसगत होते ती नकारात. निविदेत ‘यादी इंडिकेटिव्ह आहे, एक्झॉस्टिव्ह नाही’ असं असतं आणि भाषांतरात ‘यादी परिपूर्ण नाही’ असं येतं. वाचणाऱ्याला वाटतं, यादीत चूक राहिली आहे. कायद्याच्या व्याख्यांत हा भेद जुना आहे: ‘म्हणजे’नं सुरू होणारी व्याख्या सहसा तिथेच संपते, ‘यात समाविष्ट आहे’ म्हणणारी उघडी राहते. निविदेतही तेच सरळ लिहावं: ‘ही यादी उदाहरणादाखल आहे, काम एवढ्यापुरतंच नाही.’ आणि यादी खरोखर बंद असेल, तर ‘याखेरीज काहीही नाही’ ही ओळ तिच्याखाली हवीच.