बटेराचा नर म्हातारा कधी होतो?

मुरबाड-शहापूरकडची शेड असो की नवी मुंबईच्या हॉटेलांना माल देणारा छोटा पोल्ट्रीवाला, बटेरांच्या पैदाशीचा शिरस्ता एकच: दोन-तीन माद्यांमागे एक नर, आणि सहा-आठ महिने उलटले की नर बदलायचा. हा हिशेब पैशाचा आहे. नर सहा-सात आठवड्यांत वयात येतो, मग जुना पोसायचा कशाला? त्यामुळे म्हातारा नर शेडमध्ये सहसा दिसतच नाही. तो दिसला प्रयोगशाळेत.

हा पाळीव बटेर म्हणजे जपानी बटेर. जपानमध्ये तो आधी त्याच्या आवाजासाठी पाळत. अंडी-मांसासाठीची पैदास विसाव्या शतकातली. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक कळप संपले आणि उरल्यासुरल्या पक्ष्यांतून ती पुन्हा उभी राहिली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या संशोधकांनी कोंबडीवरचे प्रयोग आधी स्वस्तात करून पाहायला बटेर निवडला. भारतात तो १९७४ साली आला. पुढे त्याच्या पैदाशीचं काम इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत झालं.

दोन-तीन वर्षांचं आयुष्य असलेला पक्षी वार्धक्याच्या अभ्यासाला फार सोयीचा. मेरिलँड विद्यापीठात मेरी अ‍ॅन ऑटिंजर यांनी १९८०च्या दशकापासून वयस्क नरांचा पाठपुरावा केला. आधी काय थकतं, वृषण की मेंदू? दिसलं ते असं: आधी वागणं मंदावतं. नर मादीकडे फिरकेनासा होतो, त्या वेळी वृषणाचं काम बऱ्यापैकी चालू असतं. संप्रेरकं आणि शुक्राणू नंतर घटतात. थकलेल्या नरांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं लैंगिक संप्रेरक, दिलं तर बऱ्याच जणांची वागणूक परत येई. म्हणजे मेंदूतली यंत्रणा साफ मोडलेली नव्हती, तिला इंधन कमी पडत होतं. शिवाय एकाच वयाचे सगळे नर सारखे थकत नाहीत. ‘इतके महिने झाले, काढा’ हा नियम मला म्हणूनच ढोबळ वाटतो.

नर थकलाय की नाही, हे त्याला न कापता कळतं कसं? त्याच्या गुदद्वाराच्या वरच्या कडेला एक फुगीर ग्रंथी असते. दाबली की दाट पांढरा फेस येतो. तिचा आकार टेस्टोस्टेरॉनवर चालतो, त्यामुळे ती मापली की आतला अंदाज मिळतो. शेडमधले जुने हात नर ओळखायला तीच चाचपतात.

पण ग्रंथी लहान दिसली म्हणजे नर म्हातारा, असंही नाही. बटेराचं प्रजनन दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतं. ब्रिटनमध्ये शास्त्रज्ञ ब्रायन फॉलेट यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. २००३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या ताकाशी योशिमुरा यांच्या गटाने दाखवलं, की लांब दिवसाच्या उजेडाने मेंदूत थायरॉइड संप्रेरकाचं सक्रिय रूप तयार होतं आणि तिथून वृषण वाढायचा आदेश सुटतो. उजेड सुमारे बारा तासांखाली गेला की वृषण आक्रसतात.

ठाण्यात डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा, जूनचाही सव्वातेराच्या आसपास. पैदाशीच्या शेडला बल्ब लावून चौदा-सोळा तास उजेड देतात तो याचसाठी. हिवाळ्यात लाइट गेलेल्या, बल्ब उडालेल्या शेडमध्ये वांझ अंडी वाढली, तर दोष वयाचा आहे की अंधाराचा, हे नर काढण्याआधी पाहावं. उजेड पुरवून चारेक आठवडे थांबलं, की तरुण नराची ग्रंथी पुन्हा फुगते आणि फेस येतो. खरोखर थकलेल्याची मात्र उजेड देऊनही लहानच राहते.