कॅलिफोर्नियातल्या शाळा, कला आणि डिप्लोमाचा टक्का: मागची पन्नास वर्षं

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण खात्याकडून दरवर्षी अपडेट्स येतात, ग्रॅज्युएशन रेट एवढा झाला, आर्ट्ससाठी एवढा निधी आला, नवीन स्टँडर्ड्सचं (म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं ते सांगणाऱ्या यादीचं) ट्रेनिंग कुठवर आलं वगैरे, आणि आपण डिप्लोमा आणि कला या दोन वेगळ्या बातम्या म्हणून वाचून पुढे जातो. मला वाटतं त्या वेगळ्या नाहीतच. हायस्कूल पास होणाऱ्या मुलांचा टक्का मोजायला लागले तेव्हापासून त्यासाठी माणसं, पैसा, प्रोग्रॅम सगळं उभं राहिलं. कला मात्र कायद्यात पहिल्यापासून लिहिलेली, पण ती कुणी मोजली नाही आणि त्यासाठी वेगळा पैसाही कुणी धरून ठेवला नाही, त्यामुळे पन्नास वर्षं ती कागदावर शाबूत आणि वर्गात गायब अशी राहिली. हे कसं झालं ते नीट बघायचं तर १९७८ पासून सुरुवात करावी लागते.

जून १९७८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १३, म्हणजे थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव, पास केलं, साधारण ६५ टक्के मतांनी. घरांवरचा प्रॉपर्टी टॅक्स किमतीच्या १ टक्क्यावर बांधून टाकला, आणि घर विकलं जाईपर्यंत टॅक्ससाठी धरायची किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असं ठरलं. घरं महाग होत चाललेली आणि रिटायर्ड लोकांना टॅक्स भरता येईना, त्यामुळे लोकांचा राग खरा होता, ते मान्यच आहे. पण शाळा चालायच्या त्या याच टॅक्सवर. प्रॉपर्टी टॅक्सचं उत्पन्न एका झटक्यात निम्म्याहून खाली आलं. राज्याने तिजोरीतून भर घातली तरी पहिल्या उन्हाळ्यातच समर स्कूल जवळजवळ सगळीकडे बंद पडली आणि त्यामागोमाग प्राथमिक शाळांतले म्युझिक टीचर, आर्ट टीचर, लायब्ररियन, नर्स असे सगळे एकेक करून गेले. गणिताचा शिक्षक कमी करता येत नाही, म्हणून ज्याच्यावाचून शाळा ‘चालू शकते’ असं वाटतं त्याला आधी काढलं. पंगतीत शेवटी बसलेल्याच्या पानापर्यंत वाढपी येईतो भांडं रिकामं, तसं कलेचं कायमचं होऊन बसलं.

पुढे १९८८ मध्ये प्रपोझिशन ९८ आलं आणि राज्याच्या बजेटमधला किमान ठरावीक वाटा शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांना द्यायचाच अशी हमी मिळाली, साधारण जनरल फंडाच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीच्या, ४० टक्क्यांच्या आसपास. शाळांना आधार मिळाला, कलेला वेगळं काही नाही.

आता डिप्लोमाकडे येऊ, कारण दोन्ही धागे तिथे एकत्र येतात. १९८३ मध्ये राज्याने शिक्षण सुधारणेचा मोठा कायदा केला आणि हायस्कूल पास व्हायला सगळ्या राज्यात किमान काय लागेल ते परत ठरवलं. इंग्लिश तीन वर्षं, सोशल स्टडीज तीन, गणित दोन, सायन्स दोन, पीई (शारीरिक शिक्षण) दोन, आणि शेवटची ओळ अशी की एक वर्ष व्हिज्युअल किंवा परफॉर्मिंग आर्ट, नाहीतर परदेशी भाषा. नाहीतर! म्हणजे मुलाने स्पॅनिश घेतलं की कलेचा एकही तास न बसता तो ग्रॅज्युएट. २०११ मध्ये त्याच ओळीत तिसरा पर्याय घातला, करिअर टेक्निकल एज्युकेशनचा, म्हणजे ऑटो शॉप घेतलं तरी चालेल. मला ऑटो शॉपबद्दल आदरच आहे, भाषांबद्दल तर आहेच, पण तिघांनाही एकाच खुर्चीसाठी भांडायला लावलं ते चुकीचं झालं. कायदा पहिली ते सहावीला कला शिकवा म्हणतो, सातवी ते बारावीला उपलब्ध करून द्या म्हणतो, आणि डिप्लोमाच्या पानावर आलं की ती ऐच्छिक होते.

शिक्षकांचं तर आणखी विचित्र. १९७० च्या रायन ॲक्टने शिक्षकांच्या लायसन्सची, म्हणजे क्रेडेन्शियलची, सगळी रचना बदलली आणि त्यात डान्स आणि थिएटर हे स्वतंत्र विषय काढून टाकले. त्यामुळे सरकारी शाळेत डान्स शिकवायचा असेल तर पीईचं क्रेडेन्शियल घ्यायचं आणि नाटक शिकवायचं असेल तर इंग्लिशचं. विचार करा, एखादी मुलगी आयुष्यभर नृत्य शिकलेली, त्यात डिग्री केलेली, तिने शाळेत शिकवायला यायचं म्हटलं की तिला पीई टीचरच्या परीक्षा द्याव्या लागणार, खेळांचे नियम आणि फिटनेसचं शास्त्र वाचावं लागणार, आणि एवढं करून डान्सचा वर्ग मिळेलच याची खात्री नाही कारण मुख्याध्यापकाला आधी पीईचे तास भरायचे असतात. हे थोडीथोडकी वर्षं नाही, २०१६ पर्यंत चाललं. २०१६ मध्ये कायदा करून ही दोन क्रेडेन्शियल्स परत आणली, त्यानंतर निकष, परीक्षा, युनिव्हर्सिट्यांचे कोर्स तयार व्हायला आणखी वर्षं गेली. आज जी शिक्षकांची टंचाई दिसते तिचं एक मोठं मूळ इथे आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टँडर्ड्सची गोष्ट देशपातळीवर १९९४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा राष्ट्रीय आर्ट्स स्टँडर्ड्स निघाली, ऐच्छिक स्वरूपाची. कॅलिफोर्नियाने स्वतःची जानेवारी २००१ मध्ये स्वीकारली. डान्स, म्युझिक, थिएटर, व्हिज्युअल आर्ट्स असे चार विषय, आणि मुलाने नुसतं चित्र काढून भागणार नाही तर बघायला शिकायचं, त्या कलेचा इतिहास आणि संस्कृती समजून घ्यायची, चांगलं का वाटलं ते सांगता यायला हवं, बाकीच्या विषयांशी जोडता यायला हवं, असा सगळा विचार त्यात होता. चांगलं काम होतं ते. पण शाळांनी हे पाळलंच पाहिजे असं बंधन नाही आणि राज्याची परीक्षाही नाही.

त्याच सुमाराला खरा दट्ट्या मात्र दुसरीकडून आला, युनिव्हर्सिटीकडून. यूसी आणि सीएसयू या राज्याच्या दोन सरकारी युनिव्हर्सिटी सिस्टिम्सनी २००३ पासून प्रवेशासाठी एक वर्षाचा आर्ट्स कोर्स सक्तीचा केला. प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांच्या ज्या यादीला आधी ए टू एफ म्हणायचे तीच कला घातल्यावर ए टू जी झाली, एफ म्हणजे कला. आपल्या इकडच्या मराठी पालकांना हा एफ पाठ असतो, फ्रीमाँट असो नाहीतर अर्व्हाईन, मूल नववीत गेलं की चर्चा सुरू, बँड घ्यायचा का सिरॅमिक्स, आणि दहा वर्षं तबला किंवा भरतनाट्यम शिकलं तरी ते आपोआप एफमध्ये धरत नाहीत हे कळल्यावर बरेच जण हिरमुसतात. या एका नियमाने हायस्कुलांत आर्ट्सचे वर्ग टिकले. प्राथमिक शाळांना त्याचा काही उपयोग नव्हता, आणि कॉलेजच्या वाटेवर नसलेल्या मुलांना तर नव्हताच.

आणि याच काळात परीक्षांचं राज्य आलं. राज्याने १९९९ मध्ये शाळांना मार्क द्यायला सुरुवात केली, पाठोपाठ केंद्राचा नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायदा, शाळेचं नाव चांगलं की वाईट ते इंग्लिश आणि गणितावर ठरणार. ज्या मुलांचे मार्क कमी त्यांना इंग्लिशचे दोन तास, गणिताचे दोन तास, आणि दिवसाचे तास तेवढेच असल्यामुळे जो तास गेला तो बहुतेक वेळा चित्रकलेचा किंवा म्युझिकचा. म्हणजे गरीब वस्तीतल्या, घरी इंग्लिश न बोलणाऱ्या मुलांचा आधी गेला. २००७ मध्ये एसआरआय या संस्थेने राज्यभरातल्या शाळांचा अभ्यास केला तर ८९ टक्के शाळांमध्ये चारही कला स्टँडर्डनुसार शिकवल्या जात नव्हत्या, आणि ६१ टक्के शाळांत कलेचा एकसुद्धा पूर्णवेळ शिक्षक नव्हता. स्टँडर्ड्स येऊन सहा वर्षं झाली होती तेव्हा.

पैसा आला नाही असं नाही. २००६ च्या बजेटमध्ये आर्ट्स आणि म्युझिकसाठी वर्षाला १० कोटी ५० लाख डॉलर आणि शिवाय आर्ट्स आणि पीई मिळून एकदाच म्हणून ५० कोटी दिले. शाळांनी वाद्यं घेतली, काहींनी शिक्षक घेतले. आणि २००८ ची मंदी आली. २००९ मध्ये राज्याने म्हटलं की हे राखीव पैसे आता कशालाही वापरा. झालं, गेले. २०१३ मध्ये फंडिंगची पद्धतच बदलली तेव्हा ते त्या मोठ्या रकमेत विरघळून गेले.

आता टक्क्याची बाजू बघा. २००५ पर्यंत राज्य सांगत होतं की ८७ टक्के मुलं ग्रॅज्युएट होतात. त्या वर्षी हार्वर्डच्या सिव्हिल राइट्स प्रोजेक्टने वेगळ्या पद्धतीने हिशोब करून ७१ टक्के सांगितलं, आणि खळबळ माजली. इतका फरक कसा? कारण शाळा सोडलेलं मूल दुसऱ्या शाळेत गेलं की घरी बसलं हे कुणी एकेका मुलाचं बघतच नव्हतं, नुसत्या एकूण आकड्यांवरून अंदाज बांधत होते. २००८ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना एकच सूत्र लावलं, नववीला एकत्र सुरू केलेल्या बॅचपैकी चार वर्षांत डिप्लोमा किती जणांना मिळाला. कॅलिफोर्नियाने प्रत्येक मुलाला नंबर देऊन ट्रॅक करणारी सिस्टिम उभी केली आणि २०१० च्या बॅचचा आकडा आला साधारण ७५ टक्के. म्हणजे चारातलं एक मूल वेळेत पास होत नव्हतं, आणि ब्लॅक आणि लॅटिनो मुलांचा आकडा त्याहून बराच खाली. हा आकडा दिसला तेव्हा लोक हलले. २०१३ ला ८० च्या वर, २०१६ पर्यंत ८३ च्या आसपास.

यात मेहनत होती, समुपदेशक होते, नापास झालेल्या विषयाचं क्रेडिट परत मिळवायचे कोर्स होते. पण मोजपट्टीही बदलत होती, ते लपवू नये. २००६ पासून डिप्लोमासाठी इंग्लिश-गणिताची एक्झिट एक्झाम पास होणं सक्तीचं होतं, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०१५ मध्ये ती परीक्षाच थांबवली, इतकंच नाही तर २००४ पासून फक्त त्या परीक्षेमुळे अडकलेल्यांना मागे जाऊन डिप्लोमा दिले. मला तो निर्णय योग्य वाटतो, बाकी सगळं पूर्ण केलेल्या मुलाला एका पेपरवरून आयुष्यभर अडवायचं नाही. उलट्या दिशेनेही बदल झाला, केंद्राच्या ऑडिटनंतर २०१७ च्या बॅचपासून ॲडल्ट स्कूल किंवा कम्युनिटी कॉलेजला गेलेली मुलं हिशोबातून वगळणं बंद केलं आणि आकडा ८२.७ वर आला, म्हणून त्याच्या आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करू नये. कोविडमध्ये २०२१ ला ८३.६, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने मागे पडलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांना डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) जादा अटी माफ करून फक्त राज्याच्या किमान अटींवर डिप्लोमा घेता आला. २०२२ ला आकडा साधारण ८७. पुढच्या अपडेटमध्ये कुठलाही आकडा दिसला की त्या वर्षी नियम काय होते ते आधी बघा.

या किमान अटी आणि डिस्ट्रिक्टच्या अटी यांतला फरक कलेसाठी फार महत्त्वाचा आहे. लॉस एंजेलिस डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने २००५ मध्ये ठराव केला की सगळ्याच मुलांना ए टू जी करायला लावायचं, ते २०१६ च्या बॅचला पूर्ण लागू झालं, पुढे ‘सी’ऐवजी ‘डी’ ग्रेड चालेल अशी ढील दिली. पण त्यामुळे तिथे कला खरोखर डिप्लोमाचा भाग झाली. शेजारच्या एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये तसं असेलच असं नाही. राज्य एकच, डिप्लोमा दोन तऱ्हेचे.

मधल्या काळात स्टँडर्ड्स परत लिहिली गेली. २०१४ ला नवी राष्ट्रीय कोअर स्टँडर्ड्स आली, त्यावरून कॅलिफोर्नियाने जानेवारी २०१९ मध्ये आपली नवीन स्वीकारली आणि मीडिया आर्ट्स हा पाचवा विषय आला, ॲनिमेशन, फिल्म, साउंड, गेम डिझाइन वगैरे. निर्मिती, सादरीकरण, प्रतिसाद आणि जोडणं अशा चार प्रक्रियांवर सगळं उभं आहे, प्री-के (बालवाडी) ते आठवी इयत्तावार आणि हायस्कूलला तीन पातळ्या. २०२० ला त्याचं फ्रेमवर्कही, म्हणजे हे वर्गात कसं शिकवायचं त्याची मार्गदर्शिका, आलं, नेमकं शाळा बंद असताना. मुलं स्क्रीनच्या छोट्या चौकोनांत बसून कोरस गायचा प्रयत्न करत होती आणि आवाज मागेपुढे होत होते, ते आठवतं बऱ्याच जणांना.

आणि मग नोव्हेंबर २०२२, प्रपोझिशन २८. लॉस एंजेलिस डिस्ट्रिक्टचे माजी सुपरिंटेंडंट, म्हणजे प्रमुख, ऑस्टिन ब्यूटनर यांनी पुढाकार घेतला, मतदारांना पाठवतात त्या अधिकृत पुस्तिकेत विरोधातला मजकूरसुद्धा कुणी दिला नाही, ६४ टक्के मतांनी पास झालं. शाळांना प्रपोझिशन ९८ खाली जेवढं मिळतं त्याच्या १ टक्का रक्कम वेगळी, जादाची, दरवर्षी, फक्त कलेसाठी. पहिल्या वर्षी साधारण ९४ कोटी डॉलर. ७० टक्के मुलांच्या संख्येवर, ३० टक्के गरीब घरच्या मुलांच्या संख्येवर. ५०० पेक्षा जास्त मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टने ८० टक्के पैसा माणसं नेमण्यावर खर्च करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाची अट, हा पैसा आधी चालू असलेल्या खर्चाच्या जागी वापरायचा नाही, त्याच्या वर वापरायचा. २००९ ला जे झालं ते परत होऊ नये म्हणून ही कुंपणं घातली, हे इतिहास माहीत असला की लगेच कळतं.

या अटीवरूनच आता वाद आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्यूटनर आणि काही पालकांनी लॉस एंजेलिस डिस्ट्रिक्टवर केस केली, आरोप असा की जुन्याच शिक्षकांचे पगार या पैशातून दिले, डिस्ट्रिक्टने तो नाकारला आहे. दुसरीकडे अनेक शाळांना पैसे असून शिक्षक मिळत नाहीत, डान्स आणि थिएटरचे तर विशेष करून, का ते वर आलंच. प्रत्येक वर्षीचा निधी तीन वर्षांत वापरायचा असतो, म्हणजे २०२३-२४ च्या पहिल्या हप्त्याची मुदत जून २०२६. प्रत्येक डिस्ट्रिक्टने वर्षाला एक रिपोर्ट बोर्डाकडून मंजूर करून वेबसाइटवर टाकायचा असतो, त्यात किती शिक्षक नेमले, किती मुलांपर्यंत पोचलं हे असतं. बॅक टू स्कूल नाइटला जाणाऱ्या पालकांनी तो आधी वाचून जावं आणि मुख्याध्यापकांना सरळ विचारावं की २०२२ च्या आधी आपल्या शाळेत कलेचे शिक्षक किती होते आणि आज किती आहेत.