सोन्याच्या नाण्यातलं हीण

सोन्याचं नाणं पाडताना त्यात मुद्दाम मिसळलेल्या दुसऱ्या धातूला हीण म्हणतात, आणि हिणकस हा शब्द कानात बसलेला असल्यामुळे ऐकताक्षणी वाटतं की इथे कुणीतरी फसवलंय. पण टाकसाळीतलं हीण किती आणि कशाचं हे कायद्यानेच ठरलेलं असतं. बहुतेक वेळा तांबं, कधी चांदी, कधी दोन्ही. राजाने गुपचूप वाढवलं तर मात्र ती फसवणूकच, बायझंटाइन साम्राज्यात अकराव्या शतकात चांदी वाढवत वाढवत सोन्याचं नाणं इतकं उतरलं की १०९२ मध्ये सम्राट आलेक्सिओसला नवीन नाणं काढावं लागलं.

हीण लागतं कारण शुद्ध सोनं फार मऊ. हातोहात फिरलं, थैलीत एकमेकांवर घासलं की झिजतं, कडा बोथट होतात. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा बराच लहान, तो मधे शिरला की सोन्याची रचना ताणली जाते आणि थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत, म्हणून नाणं कडक होतं. चांदीचा अणू जवळपास सोन्याएवढाच, त्यामुळे चांदी मिसळून तेवढा कडकपणा येत नाही. आणि शिसं किंवा बिस्मथ अगदी नावापुरतं जरी गेलं तरी सोनं ठिसूळ होऊन ठशाखाली तडकतं, म्हणून टाकसाळवाले त्याला सगळ्यात जास्त घाबरतात. इंग्लंडमध्ये चार्ल्स हॅचेट आणि हेन्री कॅव्हेंडिश यांनी वेगवेगळे धातू सोन्यात मिसळून, घासून झीज मोजली होती, हॅचेटचा त्यावरचा निबंध १८०३ मध्ये छापला गेला.

रंग पण हिणावरच ठरतो. तांब्याने लालसर, चांदीने फिकट पिवळा. सिडनीच्या टाकसाळीत १८५५ पासून पाडलेल्या सुरुवातीच्या सॉव्हरिनमध्ये (हे ब्रिटिश सोन्याचं नाणं) हीण चांदीचं होतं म्हणून ती लंडनच्या सॉव्हरिनशेजारी ठेवली की पिवळी दिसतात, सोनं दोन्हीकडे तेवढंच.

सॉव्हरिन म्हणजेच आपल्याकडची गिनी. २२ कॅरट, म्हणजे बारा भागांत अकरा भाग सोनं. वजन ७.९८८ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ७.३२२ ग्रॅम. मुंबईच्या टाकसाळीत १९१८ मध्ये अशा सॉव्हरिन पाडल्या गेल्या, त्यावर बारीक I असा ठसा आहे, ज्यांच्या घरात जुनी गिनी असेल त्यांनी भिंगातून जरूर बघावा. युरोपात फ्रान्सच्या २० फ्रँकचं नाणं आणि अमेरिकेची १८३७ नंतरची नाणी ९०० कसाची, म्हणजे हजारात ९०० भाग सोनं, दहातला एक भाग हीण.

एक गैरसमज मात्र खूप जण करतात, २२ कॅरटचं एक औंसाचं नाणं घेतलं म्हणजे सोनं एक औंसापेक्षा कमी मिळालं असं धरून चालतात. दक्षिण आफ्रिकेचं क्रूगररँड १९६७ चं, त्याचं वजन ३३.९३ ग्रॅम आणि त्यात सोनं पूर्ण ३१.१ ग्रॅम, म्हणजे एक औंस, बाकीचं तांबं वरून घातलेलं, म्हणून ते एवढं तांबूस. अमेरिकेचं गोल्ड ईगल १९८६ पासूनचं, वजन तेवढंच, सोनं पण तेवढंच, पण हिणात ३ टक्के चांदी आणि ५.३३ टक्के तांबं, म्हणून रंग जरा पिवळा.

महाराष्ट्रात माळेत ओवलेली पुतळी मूळची व्हेनिसची डुकाट, त्यावर माणसांच्या आकृत्या आहेत म्हणून पुतळी, आणि तिच्यात हीण जवळजवळ नाहीच. त्यामुळे पुतळी बोटाने वाकते, गिनी वाकत नाही. दोघींचा कस कसोटीच्या दगडावर ओढून शेजारी बघितला की पुतळीची रेघ पिवळीधमक, गिनीची तांबूस. मोडायला नेताना एक लक्षात ठेवा, माळेसाठी कडी जोडली असेल तर जोडाचा डाग (जोडायला वापरलेला धातू) हलक्या कसाचा असतो, आणि कडीसकट वितळवलं तर सगळ्या नाण्याचाच कस खाली येतो, म्हणून कडी आधी कापून वेगळी तोलायला सांगावी.