लघवीतली साखर आणि लघवीतलं अल्ब्युमिन

मधुमेहाच्या रुग्णाचा युरिन रूटीनचा रिपोर्ट हातात आला की घरचे आधी साखरेचा रकाना बघतात. 'ग्लुकोज निल, प्रोटीन निल' वाचलं की किडनी ठणठणीत, शुगर ताब्यात, असं धरून चालतात. यातल्या कुठल्याच गोष्टीची खात्री या दोन शब्दांवरून देता येत नाही.

साखरेचं आधी. किडनी गाळलेली साखर जवळजवळ सगळी परत ओढून घेते. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीत उतरते. म्हणजे साखर 90 असो वा 170, लघवीत बुडवून रंग बघायची पट्टी 'निल'च म्हणणार. वय झालेल्या, जुना मधुमेह असलेल्या माणसात ही मर्यादा आणखी वर सरकते, गरोदरपणात खाली येते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर शुगर उत्तम असूनही रिपोर्टवर तीन-चार प्लस दिसतात. साखर लघवीवाटे बाहेर टाकणं हेच या औषधाचं काम आहे. घाबरून गोळी बंद करू नका.

अल्ब्युमिनची गोष्ट निराळी. हे रक्तातलं प्रथिन, किडनीची चाळणी खराब होऊ लागली की झिरपतं. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसेल, तर अल्ब्युमिन वाढलेलं सापडण्याची शक्यता जास्त असते, पण त्यावरून इन्सुलिनची संवेदनशीलता मोजता येत नाही. साखरेवरूनही नाही.

खरी फसगत होते ती इथे. रूटीनमधली पट्टी प्रथिन लिटरला साधारण 150 ते 300 मिलिग्रॅम झाल्यावरच रंग बदलते. समजा अल्ब्युमिन लिटरला 40 मिलिग्रॅम आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ) 0.8 ग्रॅम आहे. पट्टी 'निल' सांगेल, पण भागाकार येतो 50. हाच एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. 30 च्या आत नॉर्मल, 30 ते 300 वाढलेलं, त्यापुढे खूप वाढलेलं. भरपूर पाणी पिऊन लघवी दुप्पट पातळ झाली तर आकडे 20 आणि 0.4 होतील, गुणोत्तर तरीही 50. म्हणून लॅबमध्ये नुसतं 'मायक्रोअल्ब्युमिन', म्हणजे एकट्या अल्ब्युमिनचा आकडा, न मागता एसीआरच मागावा. हडकुळ्या, स्नायू कमी असलेल्या माणसात क्रिएटिनिन कमी पडतं आणि आकडा फुगतो, एवढं ध्यानात ठेवावं.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम, ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा फार चढलेली शुगर वा बीपी असेल तर अल्ब्युमिन खोटं वाढतं. तेव्हा चाचणी पुढे ढकलावी. एका आकड्यावर निदान होत नाही: तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले हवेत. ही चाचणी टाइप 2 मध्ये मधुमेहाचं निदान झाल्याबरोबर आणि मग दरवर्षी, टाइप 1 मध्ये मधुमेहाला पाच वर्षं झाल्यानंतर दरवर्षी.

ग्लिफ्लोझिन गटाच्या त्याच गोळ्या लघवीतली साखर वाढवतात आणि अल्ब्युमिन मात्र कमी करतात. त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये साखरेचे प्लस सोडून द्यावेत, एसीआर मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघावा आणि रोजच्या शुगरसाठी ग्लुकोमीटरच वापरावा.