गिरणगावातली खोली आणि क्षय : पार्श्वभूमी

1950च्या आसपासच्या लालबाग-परळचा विषय निघाला की क्षय, तुंबलेली गटारं आणि दाटीवाटी एका दमात सांगितली जातात. खरं तर क्षयापुरतं गटार जवळजवळ निर्दोष आहे. गटारातून येतात ते कॉलरा, विषमज्वर, हगवण. क्षय येतो माणसाच्या श्वासातून. ज्याच्या बेडक्यात जंतू आहेत असा रोगी खोकला की बारीक तुषार उडतात, ते सुकून बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. ऊन त्यांना मारतं, वारा पांगवतो. म्हणजे हिशेब हवेचा: खोलीत हवा किती, माणसं किती आणि ती हवा बदलते कधी?

पालिकेची दृष्टी मात्र 1896च्या प्लेगात घडली होती. फिनेल, चुना, गटारं धुणं हा त्या वेळचा उपाय, आणि 1898ची सुधार समिती, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, त्यातूनच जन्मली. तरी याच ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड-वाऱ्याचा नेमका नियम मांडला. खिडकीसमोर इतकी मोकळी जागा हवी, की समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतची रेघ साडेत्रेसष्ट अंशांहून उभी होऊ नये. सोप्या भाषेत, 40 फूट उंच चाळीसमोर निदान 20 फूट जागा. जुन्या खासगी चाळींत दोन इमारतींमध्ये असायची ती चिंचोळी घरगल्ली. टोपलीच्या संडासांचा मैला तिथूनच निघायचा, मोऱ्यांचं पाणीही तिथेच. वास नको म्हणून भाडेकरू त्या बाजूची खिडकी कायमची लावून घेत. गटाराचा क्षयाशी संबंध येतो तो असा, आडून: घाण जंतू देत नाही, पण खिडकी बंद करायला लावते.

1920 साली सरकारी विकास खातं (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी) आलं, त्याच्या बीडीडी चाळी. कापसाच्या गाठीमागे 1 रुपया कर लावून पैसा उभा केला. एकूण 207 इमारती: वरळीत 121, नायगावात 42, डिलाइल रोडला 32, शिवडीत 12. तळमजला आणि वर तीन मजले, इमारतीत 80 खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची. काँक्रीटच्या, मजबूत, पण बोळ मधोमध आणि खोल्या दोन्ही अंगांना. गॅलरीच्या चाळीत एका बाजूला निदान उघडं आकाश असतं. इथे दार उघडलं तर समोर शेजाऱ्याचं दार, त्यामुळे आरपार वारा अवघडच. छत 10 फूट धरलं तर खोलीत 1,600 घनफूट हवा; आठ जण झोपले की माणशी 200, त्यात चुलीचा धूर वेगळा.

आणि आठ हा आकडा फार नव्हे. 1941 ते 1951 या दहा वर्षांत मुंबई बेटाची वस्ती सुमारे 15 लाखांवरून 23 लाखांवर गेली. 1947च्या भाडे कायद्याने सप्टेंबर 1940चं भाडं गोठवलं. भाडेकरूचं छप्पर वाचलं, पण मालकाने डागडुजीतून हात काढला आणि पोटभाडेकरू वाढले. गाववाल्यांच्या गाळ्यांत पाळीप्रमाणे वळकट्या पसरत. रातपाळीचा आला की दिवसपाळीचा उठे, म्हणजे खोली कधी रिकामी नाही, अंथरूण कधी उन्हात नाही. घरात कोणाला क्षय झाला तर ताटवाटी वेगळी ठेवायचे, मधे लुगड्याचा पडदा लावायचे. हवा तीच, त्यामुळे दोन्हींचा उपयोग जवळपास शून्य.

निदानातही गोंधळ होता. कापूस-खात्यात पिंजलेल्या तंतूंनी छाती भरते, खोकला लागतो, धाप लागते. त्याला क्षय म्हणत आणि खऱ्या क्षयाला ‘तंतूंचा खोकला’. बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निवाडा नाही. आजारपणाचा पगार मिळायला कामगार विमा योजना मुंबईत यावी लागली, ती 1954 साली. तोवर खाडे म्हणजे उपास, म्हणून माणूस रोग लपवी आणि अगदीच थकला की कोकणातल्या घरी जाई. शिवडीचं क्षय रुग्णालय आणि मिरज-पाचगणीची आरोग्यधामं होती. पण खाटा थोड्या, आणि तिथला उपचार बराच काळ विश्रांती, आहार आणि छातीत हवा भरून फुफ्फुस मिटवणं एवढाच. 1955-58च्या देशव्यापी पाहणीत शहर आणि खेडं यांच्यातलं क्षयाचं प्रमाण फारसं वेगळं निघालं नाही. क्षय हा गिरण्यांच्या शहरांचा रोग, असं धरून चाललेल्यांना तो धक्काच होता.

क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन; ते एकटं दिलं की जंतू निर्ढावतात, हे 1948पर्यंत कळलं होतं. 1952 साली आयसोनियाझिड हे स्वस्त औषध आलं. मग मद्रासच्या क्षय-उपचार संशोधन केंद्राने झोपडवस्तीतले रोगी दोन गटांत वाटले: काही घरी, काही आरोग्यधामात, औषध दोघांना तेच, वर्षभर. 1959 साली निकाल आला. गुण जवळजवळ सारखाच, आणि घरच्यांना लागणही जास्त नाही. लागण व्हायची ती बहुतेक निदानाआधीच होऊन गेलेली असते, आणि औषध सुरू झालं की संसर्ग लवकर ओसरतो. खोली बदलली नाही तरी रोगी बरा होऊ शकतो, हे प्रथमच दिसलं. अडचण उरली ती गोळ्यांची. जंतू निर्ढावू नयेत म्हणून आयसोनियाझिडसोबत द्यायच्या पीएएस या दुसऱ्या औषधाची मात्रा दिवसाला 10 ग्रॅमच्या घरात, म्हणजे ओंजळभर गोळ्या. मळमळ, जुलाब ठरलेले. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबे, वजन चढे, माणूस पाळीवर रुजू होई आणि उरलेलं औषध फळीवर पडून राही.