रुंद रेषेचं कोडं

खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बार्नार्ड यांनी १९१९ मध्ये आकाशातल्या १८२ काळ्या डागांची यादी छापली, तेव्हा ती ताऱ्यांमधली भोकं आहेत की आड आलेले मेघ, यावरही एकमत नव्हतं. ते वायू आणि धुळीचे थंड मेघच आहेत हे पुढे पटलं. पण आतला वायू कसा हलतो हे कळायला मार्ग नव्हता, कारण एवढ्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळपास मुकाच असतो, म्हणजे टिपता येईल असं प्रारण सोडत नाही.

१९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांना मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या दिशेनं कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची रेषा, म्हणजे त्या रेणूच्या ठरावीक तरंगलांबीवरचं प्रारण, मिळाली. वायू आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर तांबड्या. वेगांत जितका फरक, तितकी ती रुंद. हळूहळू इतर मेघांमधूनही अशा रेषा मिळाल्या आणि त्या फारच रुंद निघाल्या. १० केल्विनच्या (सुमारे उणे २६३ अंश सेल्सिअस) वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२ किलोमीटर, इथं वायू त्याच्या कित्येक पट वेगानं धावत होता.

गोल्डराइख आणि क्वान यांनी १९७४ मध्ये सुचवलं, की अख्खा मेघच स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं आत कोसळतोय. झुकरमन आणि इव्हान्स यांनी त्याच वर्षी साधा हिशेब पुढे केला: सगळे मेघ असे कोसळत असते, तर आकाशगंगेत आज घडतात त्याच्या कित्येक पट तारे घडले असते. मला हा युक्तिवाद आजही सर्वांत भक्कम वाटतो. मग उरला प्रक्षोभ, म्हणजे वायूतली अस्ताव्यस्त खळबळ. लार्सन यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की प्रदेश जितका मोठा तितकी रेषा रुंद.

उलट, मायर्स आणि बेन्सन यांनी १९८३ मध्ये अमोनियाच्या रेषेतून मेघांमधले घन गाभे, म्हणजे तारे जिथं घडतात ते दाट भाग, पाहिले, तर तिथं रेषा अरुंद, वायू शांत. ययाति तारकासमूहातल्या बार्नार्ड ५ मेघात ही शांतता किती अचानक सुरू होते, ते २०१० मध्ये दिसलं: ०.०४ पार्सेकहूनही (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) कमी अंतरात खळबळ संपते.

अशा शांत गाभ्यात कोसळणं ओळखायचं कसं? वृषभेतल्या एल१५४४ या गाभ्यात अजून ताराच नाही. त्याच्या रेषेला दोन शिखरं आहेत आणि निळ्या बाजूचं उंच आहे. आपल्या बाजूचा बाहेरचा थर आत, म्हणजे आपल्यापासून दूर सरकतोय. तो तांबडी बाजू शोषून घेतो. वेग सेकंदाला ०.१ किलोमीटरच्या आसपास, ध्वनीहून कमी. १९९८ मध्ये मांडलेल्या या निरीक्षणानं पंचाईत केली. तेव्हाच्या प्रचलित सिद्धांतानुसार कोसळणं मध्यातून सुरू होऊन बाहेर पसरायला हवं होतं. इथं मध्यात तारा नसतानाही बाहेरचा वायू आधीच निघाला होता.