पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते?
‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर आपटशील.’ दुचाकी शिकताना बहुतेकांनी ऐकलेला हा सल्ला चुकीचा आहे, आणि जिवावर बेतणारा. ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं. पुढचं चाक रस्त्यावर घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणजे गाडी थांबवायची खरी ताकद पुढेच. मोठ्या स्पोर्ट बाइकला पुढे दोन मोठ्या डिस्क आणि मागे एकच लहान असते, ते त्यासाठीच.

माणूस पडतो तो लिव्हर एकदम आवळल्यामुळे: वजन पुढे यायच्या आतच चाक जाम होतं. आधी हलकेच दाबा, फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप) खाली बसला की जोर वाढवा. रेसच्या ट्रॅकवर गाडी वळणात झुकवाल तसा ब्रेक सोडत जा. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, तरी बोटांना ही सवय हवीच. रिकाम्या मैदानात, कमी वेगात, हेल्मेट घालून सराव करा.